वास्तुशांतीला का आलो नाही

धरणगाव,
27 एप्रिल 2025

प्रिय मन्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

जूनमध्येच मी वर्षाचं नियोजन भिंतीवर लावलं होतं, तीन रंगांच्या शाईत. (हसू नकोस.) 12 एप्रिलला परीक्षा संपवायची, पेपर तपासायचे आणि 18ला नागपूरची गाडी. पोरांनाही तीच तारीख सांगून ठेवलेली. मार्चमध्ये वरून वेळापत्रक आलं: पहिली ते नववी, 8 ते 25 एप्रिल, सगळ्या राज्यात एकदम. निकाल मात्र 1 मेलाच!

पालकांना बोलावलं. चौथीतल्या एकाच्या बापानं सुरतची तिकिटं काढलेली, पोराच्या मामाचं लग्न. मी तडकलो, "परीक्षा मोठी की लग्न? रद्द करा तिकिटं." पोरगं बापाच्या मागून म्हणालं, "गुरुजी, 12ला संपीन असं तुम्हीच सांगेल होतं ना?"

उत्तर नव्हतं रे. माझंही तिकीट खिशातच होतं आणि त्या रात्री मी किरकोळ रजा मोजत बसलो होतो. शाळा द्विशिक्षकी, बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून अडकलो. नाहीतर आलो असतो. त्याच्या बापाला ज्यासाठी झापलं, तेच करून.

ते लग्नाला गेले. परवा परतले. काल मी पोराला राहिलेल्या परीक्षेसाठी ओट्यावर बसवलं. गणित कसं घ्यावं सुचेना, तेव्हा तुझी भाकरी आठवली. डी.एड.ला तक्ता घरी विसरून अपूर्णांकाचा पाठ डब्यातल्या भाकरीवर उरकलास, शाबासकी मिळवलीस, आणि मी तीन महिने बोललो नाही. पाठाचं टाचण माझंच ढापलं होतंस, ते अजून विसरलेलो नाही. तर पंगतीत किती पानं, पानाला किती लाडू, असं विचारत गेलो. हातचा धरायला मीच विसरलो, ते त्यानं पकडलं.

आता हे नोंदवहीत काय म्हणून लिहू? त्याहून अवघड म्हणजे 1 मेला त्याचा बाप समोर येईल. माफी मागावी, तर गावात "गुरुजी नरमले" होतं. न मागावी, तर झोप नाही. तू असतास तर चहा पाजून मोकळा झाला असतास.

घर कसं झालं? वहिनींना नमस्कार, काकूंचं मोतीबिंदूचं कळव. मे महिन्यात येतो. तारीख मुद्दाम लिहीत नाही.

तुझाच,
बाळ्या