"इथनं तू बघ" म्हणणाऱ्या दादांना

दादा, परवाच्या वॉरहॅमर टूर्नामेंटनंतर तुम्हाला नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही. सगळे टेबल आवरायच्या घाईत होते आणि मला बोलताना भरून यायला लागलं म्हणून तसाच निघालो, आता लिहितोय.

याआधी मी एकाच टूर्नामेंटला गेलतो, दुसऱ्या शहरात, सोलापूरहून रात्रीच्या गाडीने. वॉरहॅमर फोर्टी के म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून, दिसेल त्याच्यावर नेम धरायचा खेळ. खेळणाऱ्यांना माहितीये, त्याच्या नियमांच्या 2023 च्या दहाव्या एडिशनमध्ये पडक्या इमारतीच्या आरपार पलीकडचं दिसत नाही, पण आत उभा असलेला माणूस बाहेरून दिसू शकतो, म्हणजे मग सगळं खिडक्यांवर येतं. तळमजल्याच्या खिडक्या बंद धरायच्या का उघड्या हे आयोजकांनी आधी सांगायला पाहिजे, तिथं कुणी सांगितलंच नाही. माझी दहा जणांची तुकडी भिंतीमागं, समोरच्याने खिडकीतनं टँकने उडवली. जजना बोलावलं तर ते दोन टेबल पलीकडनं उभ्या उभ्या "दिसतंय की" म्हणाले आणि गेले, आणि शेजारच्या टेबलावर तसल्याच खिडक्या बंद धरून खेळत होते! हरल्याचं नाही ओ, पण जवळ येऊन बघावं एवढंही कुणाला वाटलं नाही याचं लई लागलं. चार-पाच महिने माझी फौज डब्यातच पडून होती.

परवा तुम्ही मात्र पहिल्या राऊंडच्या आधीच टेबलापाशी आलात. थर्माकोलच्या एकेका इमारतीवर बोट ठेवून आम्हा दोघांकडनं वदवून घेतलंत, ही पडकी, खालच्या खिडक्या बंद, पायदळ भिंतीतनं जाणार, टँक वळसा घालणार. त्या खिडक्यांना आतनं काळा कार्डशीट पण चिकटवलेला, रात्री जागून केलं असणार.

तरी तिसऱ्या राऊंडला अडलंच, वरच्या मजल्यावर माझा एक जण तुटक्या भिंतीमागं होता. तुम्ही सरळ फरशीवर गुडघे टेकलात, डोळा टेबलाच्या कडेला आणलात, खिशातनं लाल सूत काढून टँकच्या कोपऱ्यापासून त्याच्या हेल्मेटपर्यंत ताणलंत. आणि मग बाजूला सरकून म्हणालात, "ये, इथनं तू बघ." मी तुमच्या जागेवर गुडघे टेकून बघितलं. सूत भिंतीला कुठंच न टेकता वरनं गेलेलं. निकाल माझ्या विरोधात गेला दादा, माणूस पण गेला, आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

माझे आजोबा मागावर चादरी विणायचे. कुणी घरी चादर न्यायला आलं की पूर्ण घडी उलगडून दारात उजेडात धरायचे, उलटी सुलटी बघा म्हणायचे, मग पैसे. तुम्ही बाजूला सरकलात तेव्हा मला तेच आठवलं. अशी माणसं आहेत अजून आपल्याकडं.

ते सूत गडबडीत माझ्याच डब्यात आलंय. पुढच्या वेळी आणून देतो, सोबत घरची शेंगाचटणी पण.