व्हर्च्युअल मशीनमध्ये इन्स्टॉल न होणाऱ्या मराठी फाँट सॉफ्टवेअरविषयी तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून घेतलेले मराठी फाँट व कीबोर्ड सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) इन्स्टॉल न होणे, त्याचे खरे कारण न कळवणे आणि भरलेल्या रकमेचा परतावा याबाबत.

महोदय,

मी सांगली येथे घरातूनच मराठी अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. आपल्या सॉफ्टवेअरची मी २००९ पासूनची ग्राहक आहे. स्थानिक प्रकाशकांची पुस्तके, दोन दिवाळी अंक, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि लग्नपत्रिका एवढ्यावर माझा उदरनिर्वाह चालतो, आणि हे सगळे काम इतकी वर्षे आपल्याच फाँटमध्ये झालेले आहे. आपल्या दूरध्वनी सेवेकडे मी सहा वेळा तक्रार नोंदवली. दर वेळी मला नवा तक्रार क्रमांक मिळाला, पण प्रश्न सुटला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा जुना संगणक यंदा बंद पडला. त्याला प्रिंटरसाठीचे जुन्या पद्धतीचे पॅरलल पोर्ट होते आणि आपले पहिले डोंगल (परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) त्यातच बसत असे. नव्या संगणकाला ते पोर्ट नाही आणि त्यावर विंडोज ११ आहे. मी आपल्या विक्री विभागाकडे चौकशी केली तेव्हा मला नवी आवृत्ती आणि यूएसबी डोंगल घेण्यास सांगण्यात आले. त्याचे पैसे मी आगाऊ भरले. डोंगल हाती आल्यावर असे दिसले की विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा चालू असेपर्यंत आपला डोंगल ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखू देणारा प्रोग्राम) लोडच होत नाही. ती सुरक्षा बंद करा, असे आपल्या प्रतिनिधीने प्रथम सुचवले. ज्या संगणकावर माझे बँकेचे व्यवहार आणि प्रकाशकांची अप्रकाशित हस्तलिखिते आहेत, त्याची सुरक्षा एका फाँटसाठी उतरवून ठेवणे मला मान्य नव्हते. तेव्हा त्याच प्रतिनिधीने सांगितले, "मग व्हर्च्युअल मशीन करून त्यात विंडोज ७ टाका, आमचे सॉफ्टवेअर त्यात व्यवस्थित चालते." या संभाषणानंतर आलेल्या ई-मेलमध्येही हाच सल्ला लिहिलेला आहे. त्या ई-मेलची प्रत सोबत जोडली आहे. माझी संपूर्ण तक्रार या एका वाक्यावर उभी आहे.

मला हे सॉफ्टवेअर सोडून देता येत नाही, याचे कारण आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार नाही. आपल्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले आहेत. फाँट नसला की पेजमेकरमध्ये लावलेल्या माझ्या पानांवर मराठीचे एक अक्षरही दिसत नाही, नुसती रोमन अक्षरांची विस्कटलेली रांग दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत, रूपांतर करून घ्यावे म्हटले, तर अडचण साठवणीच्या क्रमात आहे. आपल्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवला जातो. युनिकोडमध्ये व्यंजन आधी येते, वेलांटी नंतर येते आणि रफाराचा 'र्' त्या अक्षराच्या आधी बसतो. त्यामुळे 'निर्मिती'सारख्या साध्या शब्दातही, जिथे 'र्मि' मध्ये वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आहेत, फुकट मिळणारी रूपांतरे गोंधळतात, आणि 'वाऱ्या' मधला अर्धा र तर हमखास बिघडतो. तीनशे पानांच्या पुस्तकात अशा चुका हाताने शोधायच्या म्हणजे ते पुस्तक पुन्हा एकदा तपासायचे. दुसऱ्या आवृत्तीसाठी थांबलेल्या प्रकाशकाला मी तेवढा वेळ मागू शकत नाही.

आपल्या सल्ल्याप्रमाणे मी व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर घेतले आणि त्यात विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ बसवले. विंडोज ७ ची पेटी मी त्या काळी दुकानातून विकत घेतलेली आहे. तिच्यात ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन्ही डिस्क होत्या आणि आपल्या नव्या आवृत्तीला ६४-बिट लागते म्हणून मी तीच वापरली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला असल्याने त्या मशीनचे नेटवर्क मी पूर्ण बंद ठेवले. विंडोज बसल्यावर लगेच मी त्या स्वच्छ स्थितीचा स्नॅपशॉट (ती स्थिती नंतर जशीच्या तशी परत आणणारी नोंद) घेतला आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न त्याच स्नॅपशॉटवर परत जाऊन केला. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण "आधीच्या प्रयत्नाचे अवशेष राहिले असतील" असे उत्तर मला दोनदा मिळाले आहे आणि ते या परिस्थितीत लागू पडत नाही. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा पूर्ण वेळ सोबत होता आणि प्रत्येक पायरी आम्ही वहीत लिहून ठेवली आहे.

पहिल्या प्रयत्नात इन्स्टॉलर सुरू होताच बंद पडला. तो शेअर्ड फोल्डरमधून (बाहेरच्या संगणकाचा फोल्डर, जो मशीनच्या आत नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दिसतो) चालवला होता, आणि विंडोज जेव्हा प्रशासकाची परवानगी घेऊन प्रोग्राम चालवते तेव्हा वापरकर्त्याने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह त्या प्रोग्रामला दिसत नाही. फाइल सी ड्राइव्हवर घेतल्यावर ही अडचण संपली. ही चूक मी आपल्या माथी मारत नाही.

डोंगलचा प्रश्न मात्र दोन दिवस पुरला. व्हर्च्युअल मशीनला मी यूएसबी ३.० चा कंट्रोलर दिला होता आणि विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळातच नसतो, त्यामुळे डोंगल आत दिसेचना. कंट्रोलर २.० वर आणून डोंगलसाठी यूएसबी फिल्टर (ते उपकरण व्हर्च्युअल मशीनकडे सोपवणारी सेटिंग) लावल्यावर ते दिसू लागले, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड ५२ आला. आपल्या ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी तपासता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. आपण ड्रायव्हरवर केवळ शा-२ (SHA-2) या नव्या पद्धतीची स्वाक्षरी केली आहे आणि डिस्कवरून नुकतेच बसवलेले विंडोज ७ ती ओळखत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेले दोन अपडेट, आधी केबी ४४९०६२८ आणि नंतर केबी ४४७४४१९, बसवावे लागतात. ते आम्ही बाहेरच्या संगणकावर उतरवून आत नेले आणि पिवळा त्रिकोण गेला. आपल्या माहितीपुस्तिकेत "विंडोज ७ वर चालते" असे छापलेले आहे. त्याच ओळीखाली या दोन अपडेटची नोंद असती, तर माझ्यासारख्या किती ग्राहकांचे किती दिवस वाचले असते, याचा आपण विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या मदत केंद्रातील एकाही व्यक्तीला कोड ५२ चा अर्थ सांगता आला नाही. मला अँटिव्हायरस बंद करण्यास सांगण्यात आले, आणि त्या मशीनमध्ये अँटिव्हायरस नव्हताच.

एवढे सगळे सुरळीत झाल्यावर इन्स्टॉलर अर्ध्याहून अधिक पुढे गेला, मग मागे फिरला आणि त्याने स्वतः ठेवलेल्या सगळ्या फाइल काढून टाकल्या. पडद्यावर फक्त "त्रुटी १६०३" एवढेच राहिले. हा क्रमांक विंडोज इन्स्टॉलरचा सर्वसाधारण क्रमांक आहे. इन्स्टॉल करताना गंभीर बिघाड झाला, याहून अधिक तो काही सांगत नाही. आपल्या मदत केंद्राने त्यावर "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा", "विंडोज पुन्हा टाका" आणि "रॅम वाढवा" अशी तीन उत्तरे तीन वेगवेगळ्या दिवशी दिली. मी तिन्ही गोष्टी स्वच्छ स्नॅपशॉटवरून करून पाहिल्या. रॅम २ जीबीवरून ४ जीबी केली. परिणाम प्रत्येक वेळी अगदी तोच होता, तोच टप्पा आणि तीच माघार.

शेवटी आम्ही सविस्तर लॉग (प्रत्येक पायरीची नोंद) लिहिण्याचा आदेश देऊन इन्स्टॉलर चालवला. १६०३ चे मूळ शोधण्याची रीत अशी आहे की लॉगमध्ये "रिटर्न व्हॅल्यू ३" हे शब्द शोधायचे आणि त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचायच्या. त्या ओळींमध्ये आपण स्वतः घातलेली एक तपासणी नोंदलेली आहे. ती संगणकाच्या निर्मात्याचे आणि मॉडेलचे नाव वाचते, तिला तिथे "इनोटेक जीएमबीएच" आणि "व्हर्च्युअलबॉक्स" ही नावे सापडतात, आणि त्यानंतर ती इन्स्टॉलेशन थांबवते. इनोटेक ही व्हर्च्युअलबॉक्स मूळ तयार करणारी जर्मन कंपनी. सन मायक्रोसिस्टिम्सने ती २००८ मध्ये घेतली आणि पुढे सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तरी व्हर्च्युअल मशीनच्या आत निर्माता म्हणून तेच जुने नाव दिसत राहते. आपल्या प्रोग्रामरने ते नाव बरोबर हेरले आहे. याचा अर्थ असा की यंत्र कमी पडले नाही, विंडोज कमी पडले नाही आणि माझ्या हातूनही काही राहिले नाही. व्हर्च्युअल मशीन दिसली की थांबायचे, हे आपल्या इन्स्टॉलरला आपणच शिकवलेले आहे.

आमची समजूत चुकीची असू नये म्हणून तोच इन्स्टॉलर आणि तेच डोंगल मी जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नेले, जिथे विंडोज ७ वर चालणारा एक जुना संगणक अजून आहे. तिथे सॉफ्टवेअर काही मिनिटांत बसले आणि माझी पाने अचूक उघडली. दुकानदाराचा संगणक म्हणून मी ते लगेच काढूनही टाकले. दोन्ही ठिकाणचे लॉग सोबत दिले आहेत. ते आपल्या तांत्रिक विभागाने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. फरक नेमका त्या एका तपासणीपाशी सुरू होतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये दिसणारे निर्मात्याचे नाव बदलता येते आणि तसे केले तर आपली तपासणी कदाचित फसेल, असे माझ्या भाच्याने सांगितले. मी ते करू दिले नाही. सॉफ्टवेअरची चोरी या व्यवसायात किती बोकाळली आहे, हे मी रोज पाहते. बाजारात आपलेच फाँट पेन ड्राइव्हवरून फुकट फिरत असताना मी दोन्ही वेळा पावती घेऊन परवाना विकत घेतला आहे. पैसे भरून घेतलेली वस्तू खोटे नाव लावून चोरासारखी उघडण्याची वेळ माझ्यावर यावी, हे मला मान्य नाही. नक्कल रोखण्यासाठी आपण तपासणी ठेवावी, त्याला माझी हरकत नाही. पण नक्कल रोखण्यासाठीच तर डोंगल आहे, आणि ते एका वेळी एकाच मशीनला जोडता येते, मग ती मशीन खरी असो वा व्हर्च्युअल. आणि तपासणी ठेवायचीच असेल तर ती विक्रीपूर्वी सांगावी आणि इन्स्टॉलर थांबताना पडद्यावर सरळ मराठीत लिहावे, की हे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही. १६०३ या आकड्याआड ते लपवल्यामुळे माझे तीन आठवडे गेले आणि एका दिवाळी अंकाचे काम मला सोडावे लागले.

माझे मागणे असे आहे. आपल्या तांत्रिक विभागाने मला लेखी कळवावे, की माझ्या परवान्यात व्हर्च्युअल मशीनमधील वापराला परवानगी आहे की नाही. परवानगी असेल, तर ही तपासणी काढलेला किंवा डोंगल असताना ती वगळणारा इन्स्टॉलर द्यावा. नसेल, तर चुकीच्या सल्ल्यावरून विकलेली नवी आवृत्ती आणि डोंगल परत घेऊन संपूर्ण रक्कम परत करावी, आणि त्याशिवाय माझ्या जुन्या फाइलींसाठी वेलांटी, रफार आणि अर्धा र अचूक राखणारे युनिकोड रूपांतर उपलब्ध करून द्यावे. आपल्या फाँटची अंतर्गत मांडणी फक्त आपल्याकडे आहे, त्यामुळे हे काम नीट करणे इतर कोणाला शक्य नाही. यांपैकी मला सर्वांत जास्त गरज रूपांतराची आहे. रक्कम परत मिळाली तरी सोळा वर्षांची पाने बंदच राहणार असतील, तर माझा प्रश्न सुटत नाही.

मी हे सॉफ्टवेअर स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वापरते, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी ग्राहक आहे. महत्त्वाची माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवून ठेवणे याचाही त्या कायद्याने सेवेतील त्रुटीत समावेश केलेला आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे, म्हणून हे सांगलीतूनच करणे मला शक्य आहे. तशी वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या पत्रासोबत दोन्ही खरेदीच्या पावत्या, आपल्या प्रतिनिधीच्या ई-मेलची प्रत, सहाही तक्रार क्रमांक, दोन्ही लॉग आणि कोड ५२ च्या पडद्याचे छायाचित्र जोडले आहे. आपल्या तांत्रिक विभागातील व्यक्तीला व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष पाहायची असल्यास मी ती स्वच्छ स्नॅपशॉटसह जशीच्या तशी ठेवली आहे. आधी वेळ कळवल्यास कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी ११ नंतर मी ती दाखवू शकेन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
(अक्षरजुळणी व मुद्रितशोधन, सांगली)