नाइट उतरून आल्यावर

प्रिय शीलू हिस,
सप्रेम सलाम.

दीड वर्ष पत्र नाही, चूक माझीच. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस, मी "बरी" म्हणते आणि विषय संपतो. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. नाइट ड्युटी उतरून आलेय, झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले. शुगर ताब्यात आहे. आईचा गुडघा तसाच.

नगरकडच्या एका लहान मिशन हॉस्पिटलातून निरोप आलाय. बाळंतपणाच्या वॉर्डाला इन्चार्ज सिस्टर हवी आहे. पगार पुण्यातल्या आत्ताच्या निम्म्याहून कमी, राहायला क्वार्टर. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर थांबवून सांगितलं, "सिस्टर, हे पाचारण आहे." दादा म्हणतो, घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत, ते देवाला माहीत नाहीत का? आणि मी महिनाभर रोज गुडघे टेकते नि उठते. उत्तर येत नाही.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं म्हटलं की मला वेल्लोरचं हॉस्पिटल काढणारी डॉक्टर आयडा स्कडरच आठवते. १८९० च्या दशकातली गोष्ट, एका रात्रीत तीन नवरे दारात, तिघींची बाळंतपणं अडलेली, पुरुष डॉक्टर कुणालाच चालणार नाही. आणि दिवस उजाडेपर्यंत तिघी गेलेल्या. त्या रात्रीमुळेच ती डॉक्टर झाली. मिरजेला नर्सिंग शिकताना चॅपलमध्ये ही गोष्ट ऐकली, तेव्हा तू माझ्या मनगटात नखं रुतवली होतीस. तेव्हापासून मी धरून बसलेय की देव बोलावतो तेव्हा अशी दारावर थाप पडते. माझ्या दारावर तर कुणीच थाप मारली नाही.

बायबलातल्या गिदोनासारखी लोकर पसरून देवाकडे खूण मागायचीही मला भीती वाटते, आणि त्याला कारण तू! "उद्या नाश्त्याला उपमा असला तर मी मिशनमध्येच राहणार" म्हणाली होतीस. उपमा होता, तू दोनदा घेतलास, आणि गेलीस मस्कतला.

खरी भीती वेगळी आहे, शीलू. बाबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले, माझी निम्मी फीसुद्धा मिशननंच भरली. ते ऋण मला टोचतं. मग "जा" म्हणतोय तो देव, की ते ऋण? आणि "थांब" म्हणतोय तो देव, की पगार? दोन्ही आवाज माझ्याच आवाजात येतात गं.

आता परवा रात्रीचं सांगते. पहाटे तीनची वेळ. व्हेंटिलेटरवरचे एक आजोबा, दर दोन तासांनी कूस बदलायची. नवी मुलगी ड्युटीवर. चार्टवर दोनच्या पुढे तिची सही होती, पण उशी बाराला मी लावली तिथेच. मी काही बोलले नाही. "चल, दोघी मिळून करू," म्हटलं. ड्रॉ-शीट, म्हणजे अंगाखालची आडवी चादर धरून त्यांना वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटानं दाबला, पांढरा पडेना, म्हणजे बेडसोरची सुरुवात. मी तिचं बोट धरून तिथे ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाठीखाली उशी सरकवता सरकवता माझ्या तोंडून आपोआप प्रार्थना सुरू झाली. महिनाभर गुडघ्यांवर जी येत नव्हती, ती.

तुला आठवलं ना? फीमेल वॉर्डातला टीपीआर चार्ट, ताप-नाडी-श्वासाचा. सगळ्यांना ९८.४ लिहून तू झोपलीस, मी सिस्टर ट्यूटरना जाऊन सांगितलं, आणि तू तीन आठवडे माझ्याशी अबोला धरलास. सांगितल्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. पण तुला उठवून दोघींनी मिळून टेंपरेचर घेतली असती तर? ते त्या वयात सुचलं नाही. परवा सुचलं.

तेव्हापासून वाटतंय, माझं बोलावणं गावाला किंवा पुण्याला नाहीच. ते त्या मुलीच्या बोटापाशी आहे. पण अशा मुली तिकडेही असतील, आणि त्यांना शिकवायला कुणी नसेल. म्हणजे फिरून तिथेच आले.

केडगावची जमीन पंडिता रमाबाईंनी फळबागेसाठी घेतली होती, विधवांसाठीच्या त्यांच्या शारदा सदनाचा खर्च भागावा म्हणून. पुढे १८९६ चा दुष्काळ पडला, मध्य प्रांतातून मुली आणल्या, आणि त्यांना ठेवायला तीच जमीन कामी आली. घेताना त्यांना हे कुठे ठाऊक होतं? याचा मला फार आधार वाटतो. पुढचं सगळं दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा हट्ट मी सोडलाय.

तीन दिवसांची रजा टाकलीय. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जाते. तिथे पाहुणी म्हणून बसणार नाही. लेबर रूमला ड्युटी द्या, असं कळवलंय. हप्त्यांचं दादाशी आल्यावर बोलेन.

तुझ्या लेकाची दहावी कशी गेली? जावईबापूंची बदली झाली का? तुझी पाठ दुखते म्हणत होतीस, एक्सरे काढ.

आणि उत्तरात "प्रभूची इच्छा असेल तसं होईल" एवढंच लिहू नकोस. ते मला सगळे सांगतात. तू मला त्या वॉर्डात पाहिलंयस. तुला काय वाटतं ते लिही, भांडलीस तरी चालेल. सोमवारी सकाळी मात्र आठवणीनं माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझीच,
मालू

ता. क. आजोबांचा डाग काल फिकट होता. त्या मुलीनंच मला बोलावून दाखवला.