मंदीच्या नावाखाली घेतलेले राजीनामे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या अलकापुरीतील एका वित्तीय सेवा कंपनीने मंदीचे कारण सांगून कर्जविभागातील बहुतेक कर्मचाऱ्यांना एकदमच घरी बसवले. त्यांत दांडिया बाजार परिसरातील काही मराठी मुलेमुली आहेत, माझा भाचाही आहे. कर्जाला मागणी नसताना कंपनीने माणसे कमी करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. कपातीची नोटीस देण्याऐवजी एकेकाला आत बोलावून, सही केली नाही तर अनुभवाचा दाखला मिळणार नाही असे बजावून, तयार मजकुराचे राजीनामे घेण्यात आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू असलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली, तर काढलेल्यांना आधी संधी द्यावी लागते. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन ३०० किंवा अधिक कामगारांचे कारखाने, खाणी आणि मळे यांनाच आहे. त्यामुळे वित्तीय कंपनीतल्या माणसाच्या हाती मुख्यतः नोटीस, भरपाई आणि पुन्हा भरतीत आधी संधी हेच संरक्षण उरते, आणि राजीनाम्यावर सही झाली की तेही जाते.

‘तुम्ही मॅनेजर आहात, तुम्हाला हा कायदा लागू नाही,’ असेही या मुलांना ऐकवले गेले. नेमणूकपत्रावर ‘रिलेशनशिप मॅनेजर’ असे लिहिलेले असले, तरी दिवसभर कागदपत्रे गोळा करणाऱ्या आणि थकलेल्या हप्त्यांसाठी लोकांची दारे ठोठावणाऱ्या या मुलांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. हुद्द्याचे नाव नव्हे, तर प्रत्यक्ष काम कोणते हे पाहायचे, अशी भूमिका न्यायालयांनी वेळोवेळी घेतली आहे. याची माहिती नसल्यामुळेच बरीच मुले मुकाट्याने सही करतात, याचे मला फार वाईट वाटते.

एकाच कंपनीतून, एकाच सुमारास, एकाच मजकुराचे इतके राजीनामे येतात तेव्हा श्रम आयुक्त कार्यालयाने ते कपात समजून चौकशी करावी. ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनी, त्या दबावाखाली घेतल्याचे कंपनीला आणि या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवावे व पोच जपून ठेवावी. आपल्या इथल्या मराठी मंडळांनी एखाद्या रविवारी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला बोलावून या मुलांचे कागद तपासून घेतले, तर फार मोठी मदत होईल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
दांडिया बाजार, बडोदे