माकडहाडाचं दुखणं आणि अर्धवट एमआरआय

संपादक महोदय,

'बसलं की माकडहाड ठणकतं' म्हणत येणाऱ्याला आपल्या मराठवाड्यात बहुधा मूळव्याधीचं मलम नाहीतर सायटिकाच्या गोळ्या मिळतात. बहुतेकदा तेवढ्यावर भागतंही. पण दरवर्षी दहा लाखांत साधारण एकाला होणारी कॉर्डोमा ही हाडाची कर्करोगाची गाठ इथेच दबा धरून असते. वाढते सावकाश, पुढे गुदाशय, मूत्राशय दाबले गेले की बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, बैठकीला बधिरपणा.

साध्या एक्स-रेत आतड्यातल्या वायूआड ती झाकली जाते. कमरेचा एमआरआय अनेकदा त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या लगेच वरचं त्रिकोणी हाड) वरच्या भागातच संपतो, आणि रिपोर्ट 'नॉर्मल'! म्हणून चिठ्ठीवर 'माकडहाडापर्यंत पूर्ण त्रिकास्थी' असं स्पष्ट लिहावं. त्याआधी गुदद्वारातून बोटाने तपासावं: मागे टणक गाठ लागते, गुदाशयाचं अस्तर मात्र तिच्यावरून सरकतं. दोन मिनिटांचं काम, संकोचापायी राहतं.

सर्वांत महागात पडते चुकीची बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं. गुदाशयातून सुई घातली तर त्या वाटेने पेशी सांडतात आणि एरवी वाचला असता तो गुदाशयही काढावा लागू शकतो. सुई पाठीमागून, मध्यरेषेजवळून, सीटी स्कॅनच्या मदतीने जावी, तीही शस्त्रक्रिया करणाऱ्याला विचारून. कारण ती वाट पुढे गाठीसोबतच कापून काढायची असते. गाठ न फोडता अखंड निघाली पाहिजे. नेहमीची केमोथेरपी इथे फारशी चालत नाही. त्रिकास्थीतल्या दुसऱ्या जोडीच्या दोन्ही आणि तिसऱ्या जोडीतली निदान एक नस (मज्जातंतू) शस्त्रक्रियेत राखता आली, तर लघवी-शौचावरचा ताबा बहुधा टिकतो.

— काही अस्थिरोगतज्ज्ञ, लातूर