जप्तीची गाडी घेण्याआधी

कोल्हापूर

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

लिलावात गाडी घ्यायचं मनावर घेतलंयस, तर यार्डात पाय ठेवण्याआधी एवढंच विचार: गाडी विकतंय कोण? पुढचे सगळे कागद त्यावर ठरतात.

सरकारी लिलाव असेल तर मालकी बदलायला नमुना ३२ लागतो. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत आरटीओत अर्ज द्यायचा. सोबत आरसी, विमा, विक्री कायम केल्याचा आदेश आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. ही प्रत पैसे भरतानाच हातात घे, नंतर त्यासाठी खेपा घालण्यात महिने जातात. हप्ते थकले म्हणून बँकेने उचललेली गाडी असेल तर वाट वेगळी. मूळ मालक सहीला येणार नाही हे धरूनच चालायचं. म्हणून बँक नमुना ३६ वर आरसी आधी स्वतःच्या नावावर घेते, मग मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३० भरून ती तुझ्या नावावर होते. बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायला नमुना ३५. गाडी दुसऱ्या आरटीओची असली तर २८ ची एनओसी, आणि परराज्यातली असली तर आपल्याकडचा रस्ता कर वेगळा. यातलं काय बँक देणार आणि किती दिवसांत, हे बयाणा भरण्याआधी लेखी घे. वाहन पोर्टलवर नंबर टाकून बोजा, विमा, फिटनेसची मुदत आणि ब्लॅकलिस्ट बघ. ई-चलनं वेगळी तपास, थकबाकी बहुधा घेणाऱ्याच्या माथी येते. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघ.

आता गाडी. विक्री ‘जशी आहे, जिथे आहे’ अशी असते. चालवून बघायला मिळत नाही, फार तर इंजिन सुरू करून दाखवतात. म्हणून सकाळी लवकर जा आणि आधी बोनेटला हात लावून बघ. इंजिन गरम असेल तर कुणीतरी ते आधीच सुरू करून ठेवलंय. थंड इंजिन खरं बोलतं: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला तरी तोच संशय धर. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब मुद्दाम काढला असण्याची शक्यता आहे, आणि ते दिवा विझत नसण्यापेक्षा वाईट. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात, बॅटरी मरते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. बोनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरिंगचे पैसे हिशोबात धरच.

माझी खरी भीती पुराच्या गाडीची. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे आणि सांगलीत, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात काय झालं ते तू जाणतोस. अशी गाडी धुऊन, अत्तर मारून उभी केली की वरून कळत नाही. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढ, आतल्या टोकाला गाळाची रेघ उरते. सीटच्या रुळांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, मॅटखालचा फोम, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवरचा हिरवट थर, हेडलाइटच्या आतली वाफ, सगळं टॉर्च घेऊन बघ. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला गेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वायरिंगमधला ओलावा वर्षभराने एकेक सेन्सर बंद पाडतो. दुरुस्तीला शेवट नाही. यातली दोन लक्षणं दिसली तर किंमत विचारूही नकोस.

अपघात शोधायला पुढचे एप्रन (बोनेटखालचे बाजूचे पत्रे) आणि पिलर (छत पेलणारे खांब) बघ. कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर असतात, गॅरेजचे नसतात. एकीकडच्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असेल तर चुंबक तिथे नीट धरत नाही.

बोलीचा आकडा घरीच काढ. समज, तशीच गाडी बाजारात ४,५०,००० ला मिळते. टायर २०,०००, बॅटरी ५,०००, सर्व्हिसिंग आणि ब्रेक २०,०००, विमा आणि आरटीओ २०,०००, टोचन ५,०००. उरले ३,८०,०००. न दिसलेल्या बिघाडासाठी बाजारभावाच्या १५ टक्के, म्हणजे ६७,५००, वजा कर. उरतात ३,१२,५००. त्यातूनच लिलावाचं शुल्क, जीएसटी आणि यार्डाचं भाडं. म्हणजे बोली तीन लाखांच्या वर नाही. समोरचा तीन लाख दोन हजार म्हणाला तर गाडी त्याची. बोली लागून पैसे मुदतीत भरले नाहीत तर बयाणा जातो, म्हणून उरलेल्या रकमेची सोय आधीच करून ठेव. कर्जावर विसंबू नकोस, मुदत थोड्या दिवसांची असते.

ताबा घेताना दुसरी चावी, जॅक आणि स्टेपनी मागून घे. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत दे. गाडी चालवत आणू नकोस, टोचन करून थेट गॅरेजला ने: जुनं पेट्रोल काढून टाकायला सांग, ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घे, टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर तोही.

यादी हाती आली की गाड्यांचे नंबर मला कळव. शनिवारी मी मोकळा आहे, टॉर्च आणि स्कॅनर घेऊन येतो.

तुझा,
विनय