जनावरांना डायक्लोफेनॅक टोचू नये : सभासदांना सूचना

दुग्ध संस्थेच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वखरणीत लंगडणाऱ्या बैलाला किंवा ताप आलेल्या गाईला डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचे इंजेक्शन देऊ नये. माणसांच्या सांधेदुखीवर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने चालते. परंतु ते दिलेले जनावर लगेच दगावल्यास त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, म्हणूनच २००६ साली केंद्र सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्याने २०१५ पासून हे इंजेक्शन एका मात्रेच्या लहान कुपीतच विकता येते. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक या वेदनाशामकांवरही जनावरांसाठी बंदी आली. आपल्या गडचिरोलीकडे गिधाडे मोजकीच उरली आहेत, हे मनाला लागते. त्यांऐवजी पशुवैद्यकांना मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाबाबत विचारावे. ते गिधाडांना सुरक्षित आहे.